बाबाले टीबी अन् लिव्हरचा कॅन्सर एकाच वेळी, कोणाच्या घरी असं झालं आहे का?

कापूस_आर्णी
नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच एवढं मोठं लिहून रायलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव आर्णी तालुक्यात, सहा एकर वावर, कापूस अन् तूर. बाबा ५८ वर्षांचे. दिवाळीच्या आधीपासून खोकला होता पण वेचणी चालू होती म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, बाबा म्हणे कापसाची धूळ आहे, जाईन आपोआप. मग रोज संध्याकाळी कणकण यायले लागली, भाकर अर्ध्यावर आली, धोतर कमरेवर थांबेना. आशाताईनं बेडक्यासाठी डब्बी दिली, तपासणीत टीबी निघाला. सीबीनॅट नावाच्या बेडक्याच्या तपासणीत रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडते असं आलं, म्हणजे औषधाले दाद देणारा टीबी. वजन ४७ किलो म्हणून रोज ३ गोळ्या. आम्ही निर्धास्त झालो, गावात दोघंजण असेच गोळ्या खाऊन खणखणीत झालेले पाहिले आहेत.

पाचव्या आठवड्यात मळमळ सुटली, जेवण समोर आलं की तोंड फिरवत. लघवी तर पहिल्या दिवसापासून नारंगी होती, ते गोळीनं होते हे आम्हाले सांगतलंच होतं, अन् तिथंच घात झाला, कारण लघवीवरून कावीळ ओळखूच आली नाही. एक दिवस सकाळी बाबा ओट्यावर उन्हात बसले होते, मी चहा द्यायले गेलो, त्यांनी मान वर केली तर डोळ्यातलं पांढरं सारं हळदीसारखं.

मोठे बाबा म्हणाले कावीळ डॉक्टरच्या हातची नाही, उतरवणाऱ्याकडं नेऊ. नेलं. त्यानं चुन्याच्या पाण्यात बाबाचे हात धुतले, पाणी पिवळं झालं, गळ्यात मुळीची माळ घातली, इंग्रजी औषध बंद सांगतलं. नऊ दिवस गेले त्यात. मग मी कोणाचं न ऐकता तालुक्याले नेलं. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, ४.८, अन् एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची सूज सांगणारा आकडा, २१२. डॉक्टर म्हणाले टीबीच्या गोळ्यांनी लिव्हरले मार बसला, आता थांबवलेल्याच राहू द्या, दोन आठवड्यांत उतरेल. एसजीपीटी खरंच उतरलं पण बिलिरुबिन ४.१ वर अडून बसलं. तेव्हा सोनोग्राफी केली, लिव्हर खडबडीत अन् उजव्या बाजूले साडेपाच सेंटीमीटरची गाठ. हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. एएफपी, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरसाठी रक्तात पाहतात ते, १२०० च्या वर. नागपूरले तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन झाला, लिव्हरचा कॅन्सर म्हणून रिपोर्ट आला.

आता गोष्ट अशी की कॅन्सरवाले म्हणतात आधी टीबी आवरा मग या, टीबीवाले म्हणतात लिव्हर सुधारल्याशिवाय आमच्या गोळ्या देता येत नाहीत. मी फाईल घेऊन तीन आठवड्यांपासून इकडून तिकडं फिरून रायलो. बाबाच्या पोटात ना टीबीचं औषध ना कॅन्सरचं. खोकला परत वाढला.

आणखी एक लिहितो, मन हलकं होईन. बाबानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. माळकरी माणूस. अन् गावात लोक म्हणतात लिव्हर गेलं म्हणजे चोरून पीत असन. आई हे ऐकून पाण्याले जायचं सोडून बसली.

कोणाले असा अनुभव असला तर सांगा. दोन्ही बिमाऱ्या एका माणसाले होतात तरी कशा?

तिवसा_फाटा
भाऊ वाचून पोटात कालवलं. माझ्याकडं अनुभव नाही, पण मेडिकलजवळ, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्याजवळ, माझी खोली आहे. मुक्कामाले या, भाडंबिडं काही नाही. पत्ता खाजगी निरोपात पाठवतो.

वणीची_सून
आमच्या घरी उलटं झालं होतं म्हणून लिहिते. माझ्या मालकांना ताप, वजन उतरलेलं, उजव्या बरगडीखाली दुखायचं. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली, लिव्हरमध्ये तीन गाठी दिसल्या आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की कॅन्सर पसरलेला आहे, घरी न्या, खाऊ-पिऊ घाला. तुकडा काढून तपासलाच नाही. आम्ही घरी आणलं. सासूबाईंनी दोन बैल विकले, कारण पैसा कशाला लागेल कशाला नाही. बहिणी येऊन रडून गेल्या.

माझा भाऊ ऐकेना, त्याने सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तिथे आधी रक्त गोठण्याची तपासणी केली आणि मग सुईने गाठीचा तुकडा काढला. रिपोर्टमध्ये टीबी. लिव्हरमध्ये टीबीच्या गाठी होतात हे आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं. एएफपी पण नॉर्मल होतं. गोळ्यांचा पूर्ण कोर्स केला, मधे दर थोड्या दिवसांनी लिव्हरची तपासणी. आज चार वर्षं झाली, या हंगामात चार एकर सोयाबीन स्वतः उभं राहून काढलं त्यांनी.

दादा, तुमच्या बाबांचा तुकडा तपासला का? नसेल तर नक्की विचारा.

निवृत्त_लॅबवाला
३१ वर्षं सरकारी लॅबमध्ये बेडके तपासले. दोन गोष्टी सांगतो.

पहिली त्या चुन्याच्या पाण्याची, कारण माझ्या सख्ख्या मावशीचा जीव त्यात गेला. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावलेला असला की चुन्याच्या पाण्यात पिवळा रंग सुटतो. तुमचा हात असो की माझा, कावीळ असो की नसो. लोकांना गुण येतो असं वाटतं कारण साधी पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते. पण औषधाने लिव्हर सुजलं असेल किंवा आत गाठ असेल तर ते नऊ दिवस कोणी परत आणून देत नाही. मोठ्या बाबांना दोष देऊ नका, त्यांनी जिवाच्या काकुळतीने केलं. पण गावात हे सांगा.

दुसरी गोष्ट बेडक्याची. परत नमुना देताना सकाळचा पहिला, खोकून छातीतून आलेला घट्ट बेडका हवा. लोक लाळ देतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. बाबा अशक्त आहेत, रात्री झोपताना कोमट पाणी द्या, सकाळी चूळ भरून बसवा, दोन-तीन लांब श्वास आणि मग खोकायला लावा. डबी उघड्यावर भरा, खोलीत नको. पाच-सहा आठवडे गोळ्या खाऊन मधेच थांबल्यात, तेव्हा टीबीचं आता नेमकं काय चाललंय हे तपासल्याशिवाय कळायचं नाही.

झाडीपट्टी_डॉक्टर
मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, चार वर्षं गडचिरोलीत होतो, आता नागपूरला. इथे बसून उपचार ठरवता येत नाहीत, ठरवणारही नाही. पण तुमच्या फाईलमध्ये काय चाललंय ते समजावं म्हणून लिहितो, लांबेल.

आधी वणीच्या ताईंचा मुद्दा. त्यांचं बरोबर आहे, लिव्हरमधली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते आणि आपल्या देशात तर टीबी कायम डोक्यात ठेवावाच लागतो, जगातले साधारण पाव टीबी पेशंट भारतात आहेत. पण कापूसभाऊ, तुमच्या बाबांची गोष्ट जरा वेगळी दिसते. हेपॅटायटिस बी आहे, लिव्हर आधीच आकसून खडबडीत झालंय म्हणजे सिरोसिस आहे, आणि त्या सीटीमध्ये जर गाठ पहिल्या टप्प्यात उजळली आणि नंतरच्या टप्प्यात काळी पडली असेल तर सिरोसिसच्या पेशंटमध्ये तेवढ्यावर निदान पक्कं धरतात, तुकडा काढावाच लागतो असं नाही. वर एएफपी एवढं जास्त. या काळं पडण्याला 'वॉशआऊट' म्हणतात, रिपोर्टमध्ये तो शब्द आहे का बघा.

दोन्ही एकत्र कसे होतात? टीबीचा जंतू जगातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांच्या अंगात झोपलेला असतो, बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. अंगाची राखण ढिली पडली की तो उठतो. सिरोसिसमध्ये ती ढिली पडते, कॅन्सरमध्ये पडते, शुगरमध्ये पडते, पोटाला पुरेसं न मिळाल्याने पडते. म्हणजे बाबांच्या लिव्हरमध्ये हे बहुधा वर्षानुवर्षं चालू होतं आणि टीबी नंतर वर आला. खोकला दिसतो, लिव्हर दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं आधी टीबी झाला.

आणि दारूबद्दल आईंना माझ्याकडून स्पष्ट सांगा. हेपॅटायटिस बी बहुतेक वेळा जन्माच्या वेळी आईकडून किंवा लहानपणीच येतो. जुन्या काळी एकच काचेची सिरिंज कशीबशी उकळून गावभर वापरायचे, न्हाव्याचा एकच वस्तरा असायचा, त्यातूनही येतो. मग ३०-४० वर्षं गपचूप लिव्हर पोखरतो. यात बाबांचा काडीचा दोष नाही. जेवणातून, एका ताटात खाल्ल्याने, मिठी मारल्याने तो पसरत नाही हेही सांगा.

आता गोळ्या. टीबीच्या चार औषधांपैकी तीन लिव्हरवर ताण देतात, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड, त्यात शेवटचं सगळ्यात जड. चौथं इथॅम्ब्युटॉल लिव्हरला सोसतं, त्याचं डोळ्यांकडे लक्ष ठेवायचं, लाल-हिरवा रंग ओळखण्यात फरक पडला तर लगेच सांगायचं. पेशंटला त्रास होत असताना एसजीपीटी नॉर्मलच्या तिपटीवर गेलं, किंवा त्रास नसतानाही पाचपटीवर गेलं, की गोळ्या थांबवतात. तुमच्या डॉक्टरांनी थांबवल्या ते योग्यच केलं. पण थांबवणं म्हणजे संपवणं नाही. लिव्हर कमजोर असलेल्यांसाठी वेगळी जुळणी असते. लिव्हरची अवस्था ए, बी, सी अशी मोजतात, चाइल्ड-पग म्हणतात त्याला, आणि त्यावर ठरवतात की लिव्हरला जड औषधं दोन ठेवायची, एकच ठेवायचं की एकही नको. जड औषधं जितकी कमी तितका कोर्स लांबतो, दोन असली तर साधारण ९ महिने, एक असलं तर वर्षभर, एकही नसलं तर १८ ते २४ महिने. इथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन आणि सुईतून द्यायचं एखादं औषध अशी सुरुवात बिलिरुबिन जास्त असतानाही करता येते. त्यामुळे 'लिव्हर सुधारल्याशिवाय टीबीचं काहीच देता येत नाही' हे वाक्य मला पटत नाही. जिल्ह्याच्या क्षयरोग अधिकाऱ्यांना भेटा आणि नेमकं हेच विचारा, लिव्हरला सोसणारी जुळणी आज चालू करता येईल का.

तसंच 'आधी टीबी पूर्ण आवरा' हेही बरोबर नाही. पूर्ण कोर्स संपेपर्यंत ही गाठ थांबणार नाही. लागू पडणारं औषध व्यवस्थित चालू झालं की सहसा दोनेक आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच खाली येतो, बेडका तपासून खात्री करता येते, आणि मग दोन्ही उपचार बरोबरीने चालवता येतात.

एक गोष्ट मात्र कागदावर लिहून खिशात ठेवा. रिफाम्पिसिन हे औषध लिव्हरमधलं औषधं जाळायचं काम इतकं वाढवतं की कॅन्सरची सोराफेनिबसारखी गोळी रक्तात पुरेशी राहतच नाही. महागाची गोळी खायची आणि तिचा असर अर्धवट. म्हणून टीबीत रिफाम्पिसिन चालू आहे की नाही हे कॅन्सरच्या डॉक्टरला माहीत असलंच पाहिजे. लिव्होफ्लॉक्सासिन असेल तर कॅन्सरची गोळी सुरू करण्याआधी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढतात. कॅन्सरसाठीच्या, प्रतिकारशक्ती उठवणाऱ्या नव्या सलाईनमध्ये दबलेला टीबी उसळू शकतो. यातलं प्रत्येक एकेका डॉक्टरला माहीत असतं, पण तेव्हाच, जेव्हा समोरच्या फाईलमध्ये दुसऱ्याचं औषध दिसतं.

आणि हेपॅटायटिस बीचं औषध चालू झालं का? तुम्ही लिहिलं नाही. एन्टेकाविर किंवा टेनोफोविर, रोज एक गोळी. राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस कार्यक्रम २०१८ पासून आहे, त्यात फुकट मिळते. सिरोसिसमध्ये व्हायरस सापडला की ती टाळायची नाही.

कापूस_आर्णी
डॉक्टरसाहेब तुमचं दोनदा वाचलं, मग आईले मोठ्यानं वाचून दाखवलं. दारूचं आलं तिथं आईनं मले थांबवलं अन् म्हणाली परत वाच. परत वाचलं. मग ती उठून चूल पेटवायले गेली, काही बोलली नाही.

'वॉशआऊट' शब्द आहे रिपोर्टमध्ये. हेपॅटायटिसची गोळी चालू नाही, कोणी काढलीच नाही ती गोष्ट. उद्या सकाळच्या एसटीनं यवतमाळले निघतो.

हिरवं_शिवार
भाऊ मी वेगळं सांगतो, राग मानू नका. माझ्या साळ्याले कावीळ झाली होती, भुईआवळ्याचा रस सकाळी अनुशापोटी दिला, एकवीस दिवसात माणूस उभा. वरून गुळवेलीचा काढा. बाबाले चालू करा, गोळ्यांची गर्मी पण निघून जाईन.

मेडिकल_दुकान_दिग्रस
हिरवंभाऊ तुम्ही आपुलकीनं सांगितलं हे कळतं, पण या पेशंटला नका देऊ. माझं औषधाचं दुकान आहे १४ वर्षांपासून. गुळवेलीचा काढा बरेच दिवस घेतल्याने लिव्हर सुजलेले पेशंट कोरोनाच्या काळात डॉक्टरांनी पाहिलेत आणि त्यावर लिहिलंही आहे. साधी कावीळ झालेला तुमचा साळा आणि सिरोसिस, गाठ, टीबी तिन्ही असलेले बाबा यांची बरोबरी होत नाही. त्यात टीबीची औषधं एकेक करून चालू करतात तेव्हा बघायचं असतं की नेमकं कोणत्या गोळीने लिव्हर बिघडतं, मधे काढा घातला तर डॉक्टरला काहीच उमगणार नाही.

कापूसभाऊ, आमच्यासारख्या दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आपल्या मनाने नेऊ नका. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या अशा लिव्हरला आणि किडनीला दोघांनाही वाईट. तापाला पॅरासिटामॉल चालते पण तीसुद्धा डॉक्टरने सांगितली तेवढीच, असं लिव्हर असलं की दिवसाला २ ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे ५०० ची गोळी चार, त्याच्या वर नाही. सर्दीच्या गोळीत पण पॅरासिटामॉल असते, लोक दोन्ही घेतात. गिऱ्हाईक मागते म्हणून मी पण आधी देत होतो, आता विचारल्याशिवाय देत नाही.

हिरवं_शिवार
मले हे माहीत नव्हतं. भाऊ माझं सांगणं मागं घेतो. बाबाले बरं वाटो.

आशाताई_घाटंजी
मी आशा आहे. डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी घरचं सांगते.

निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटला खाण्यासाठी सरकार देते ते, पैसे येतात का बाबांच्या खात्यात? नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झालेत, आधी ५०० होते. गोळ्या थांबल्यामुळं नोंद बंद पडली असेल तर सुपरवायझरला सांगून चालू ठेवायला लावा, उपचार बदलला आहे, सुटला नाही, असं लिहायला सांगा. कॅन्सरच्या खर्चाला महात्मा फुले योजना, रेशन कार्ड आणि आधार दोन्हीवर नाव सारखं आहे का आजच पाहा. आमच्या गावात एका काकांचं 'राव' एका कार्डावर होतं आणि एकावर नव्हतं, तेवढ्यासाठी आठ दिवस गेले.

खाण्याचं सांगते, कारण लोक लिव्हरची बिमारी म्हटली की माणसाचं सगळं बंद करतात. वरण बंद, अंडं बंद, तेल बंद, नुसती पेज. मग माणूस बिमारीनं नाही तर उपाशी राहून खचतो. अंडी, वरण, दूध, डॉक्टरनं मना केलं नसेल तर सगळं द्या, थोडं थोडं करून पाच-सहा वेळा. रात्री झोपताना पण काहीतरी द्या, सिरोसिसच्या माणसाला रात्रभर उपाशी ठेवायचं नसते. माळकरी आहेत म्हणता तर अंडं खाणार नाहीत, मग दही, डाळ, फुटाणे. मीठ कमी, पोटात पाणी असलं तर आणखी कमी. शेंगदाणे द्या पण निवडून. काळे पडलेले, बुरशी लागलेले, कडू लागणारे फेकून द्या, त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असते, ते लिव्हरचा कॅन्सर करते आणि भाजून-शिजवून पूर्ण जात नाही. हेपॅटायटिस बी असलेल्याला त्याचा धोका किती तरी पट जास्त. आपल्याकडं पावसात भिजलेलं धान्य घरी खायला ठेवतात आणि चांगलं विकतात, हे मी रोज पाहते.

आणि पोषणानं काय होते हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. झारखंडात टीबी पेशंटच्या घरच्यांना महिन्याचं जास्तीचं रेशन दिलं तर त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ मध्ये छापून आलं ते. मी तेव्हापासून कोरड्या फुटाण्यालापण औषधच समजते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातल्या सगळ्यांची हेपॅटायटिस बीची तपासणी करा. आईची, तुमची, बायकोची, लेकरांची. ज्यांची निगेटिव्ह येईल त्यांना लस, तीन डोस, आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. टीबीसाठी पण सगळ्यांना तपासतील आणि प्रतिबंधाच्या गोळ्या देतील, पण त्या गोळ्या घ्यायच्या आधी हेपॅटायटिसचा रिपोर्ट दाखवा, कारण त्या पण लिव्हरवरून जातात.

वणीची_सून
आशाताई, फाईलचं पण सांगा ना. आमच्या सेवाग्रामच्या सिस्टरांनी शिकवलं होतं, एकच मोठी वही करायची, डाव्या पानावर तारीख आणि रक्ताचे आकडे, उजव्या पानावर त्या दिवशी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, कोणत्याही डॉक्टरच्या असोत. जो डॉक्टर भेटेल त्याच्यापुढे आधी वही उघडायची, मग तोंड उघडायचं.

कापूस_आर्णी
अपडेट, सव्वा महिन्यानं लिहून रायलो.

वही केली. पोरीची शंभर पानी कोरी वही होती तीच घेतली. यवतमाळले क्षयरोगाच्या डॉक्टरसमोर ठेवली, त्यांनी पाच मिनिटं नुसती वाचली. मग त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून नागपूरच्या कॅन्सरच्या डॉक्टरले फोन लावला. माझ्यासमोर दोघं बोलले. तीन आठवडे मी दोघांचे निरोप पोचवत होतो, ते काम सात-आठ मिनिटांत झालं. मी बाहेर येऊन भिंतीले टेकून रडलो, लाज नाही वाटत सांगायले.

टीबीची लिव्हरले सोसणारी जुळणी चालू झाली, इथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन अन् सुई. सुईसाठी किडनीची तपासणी होते, अन् कानात आवाज आला, ऐकू कमी आलं तर सांगा म्हणाले. हेपॅटायटिसची गोळी फुकट मिळाली. बेडका परत तपासला. बिलिरुबिन ४.१ वरून ३ वर अन् काल १.९ आलं. खोकला कमी आहे. वजन ४३ पर्यंत उतरलं होतं, आता ४४. एक किलो म्हणजे लोकाले काही नाही, आम्ही चौघं काट्याभोवती उभे होतो.

गाठीचं, नागपूरच्या डॉक्टरांच्या बैठकीत ठरलं की लिव्हर इतकं खराब असताना कापून काढता येत नाही. मांडीतल्या नसेतून नळी घालून गाठीले रक्त देणाऱ्या नसेत औषध सोडून ती नस बंद करतात, टेस म्हणतात त्याले, ते करू पण बिलिरुबिन आणखी उतरू द्या. गाठ यानं पुरती जाईन असं त्यांनी सांगतलं नाही. मी सरळ विचारलं, त्यांनी सरळ सांगतलं. किती दिवस ते नाही सांगत, म्हणाले टप्प्याटप्प्यानं पाहू. मले ते बरं वाटलं, खोटं बोलले असते तर मले समजलं असतं.

झाडीपट्टी_डॉक्टर
१.९ चांगली बातमी आहे. टेस झाल्यावर दोन-चार दिवस ताप, पोटदुखी, उलट्या होऊ शकतात, घाबरू नका, पण ताप लांबला, झोपेची वेळ उलटी झाली, बाबा असंबद्ध बोलायला लागले, संडास डांबरासारखी काळी झाली, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा. १०८ ला फोन करा. अंगणात अँब्युलन्स वळायला जागा आहे ना बघून ठेवा.

तिवसा_फाटा
टेसच्या वेळी खोली तयार आहे. बाबांसाठी खाली गादी टाकतो, जिना नको चढायले.

कापूस_आर्णी
परत मीच. टेस झालं, सतरा दिवस झाले. तीन दिवस ताप होता, मग उतरला. तिवसाभाऊच्या खोलीवर सहा दिवस राहिलो, त्याच्या आईनं बाबाले रोज मुगाचं वरण खाऊ घातलं. ते उपकार मी फेडू शकत नाही.

डॉक्टर आता सीटी करतील मग पुढचं. कॅन्सरची गोळी चालू करायची वेळ आली तर रिफाम्पिसिन नसल्यामुळं अडचण येणार नाही असं म्हणाले, वहीत ते लाल पेननं लिहून ठेवलं. टीबीचा कोर्स दीड वर्ष तरी चालणार. बाबा म्हणतात मी औषध खायलेच उरलो आहे का, पण वेळ झाली की स्वतःच डबा काढतात. काल काठी घेऊन वावराच्या धुऱ्यापर्यंत गेले, तूर कशी भरली ते पाहून आले.

घरच्यांच्या तपासण्या केल्या. आई निगेटिव्ह, बायको निगेटिव्ह. माझा हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाला.

मी ३३ वर्षांचा आहे. मले काहीच त्रास नाही, एसजीपीटी नॉर्मल, व्हायरसची संख्या कमी आली, आज गोळीची गरज नाही म्हणाले, पण दर सहा महिन्यांनी रक्त अन् सोनोग्राफी आयुष्यभर. टीबी प्रतिबंधाची गोळी माझ्यासाठी थांबवून ठेवली, लिव्हरच्या डॉक्टरले विचारून ठरवणार. बायको अन् आईले लशीचा पहिला डोस दिला. बाबाले मी अजून सांगतलं नाही. त्यांले वाटन माझ्यामुळं झालं.

पोरीची तपासणी व्हायची आहे, ती पाच वर्षांची. आशाताई, तिले लहानपणी ही लस दिली असन का? रात्री झोप येत नाही.

आशाताई_घाटंजी
दादा, सरकारी लसीकरणात ही लस आहे. जन्मल्यावर २४ तासांच्या आत एक डोस देतात, आणि मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला जी पेंटाव्हॅलेंट सुई देतात त्यात पण हीच असते. दवाखान्यात जन्मली ना? माता-बाल संरक्षण कार्ड शोधा. त्यात 'हेप बी – जन्मतः' असा रकाना असतो, त्याच्यापुढं तारीख पाहा. आणि कार्ड काही म्हणो, तपासणी करायचीच. बाबांना सांगायची घाई करू नका, पण कोणा दुसऱ्याकडून कळू पण देऊ नका.

निवृत्त_लॅबवाला
तुमचं आता समजलं आहे, ३३ व्या वर्षी. बाबांचं ५८ व्या वर्षी गाठ झाल्यावर समजलं. सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका. गाठ लहान असताना सापडली तर ती काढता येते, जाळता येते. मी तुम्हाला दर सहा महिन्यांनी याच धाग्यावर विचारणार आहे.

कापूस_आर्णी
कार्ड सापडलं. आईनं कोठीतल्या पत्र्याच्या पेटीत सातबाराच्या कागदांखाली ठेवलं होतं. जन्माच्या डोसची तारीख तिच्या जन्मतारखेचीच आहे, खाली सिस्टरची सही, शाई जरा पसरली आहे पण वाचता येते. बाकीचे तिन्ही पण आहेत. सोमवारी रक्त द्यायले नेतो तिले.